ग्रॅज्युएट नेमकं कधी झालो म्हणायचं? पदवीधर, स्नातक आणि निकालाची तारीख

प्रश्न असा आहे: बी.कॉम.च्या शेवटच्या सत्राचा निकाल लागला, सगळे विषय सुटले, गुणपत्रक हातात आलं. पण पदवीदान समारंभ अजून व्हायचा आहे. भरतीच्या अर्जात ‘ग्रॅज्युएट आहात का?’ या रकान्यात ‘हो’ लिहायचं की ‘नाही’? जोडीला उपप्रश्न: ग्रॅज्युएट, पदवीधर आणि स्नातक हे तिन्ही एकच का?

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो, कारण अर्जाची मुदत थांबत नाही. ‘हो’ लिहा. निकाल जाहीर झाला, त्या दिवशी तुम्ही पदवीधर झालात. गाऊन, टोपी, कुलगुरूंचं भाषण, फोटो हे सगळं नंतरचं. अट एकच: जाहिरातीत पात्रतेसाठी जी तारीख दिली असेल, तिच्या आत तुमचा निकाल लागलेला असला पाहिजे.

आता सविस्तर. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात माझी बरीच वर्षं गेली, त्यातली बहुतेक पदवी प्रमाणपत्रांच्या खिडकीवर. तिथे येणाऱ्या माणसाचे कागद बहुधा ठीक असतात. गोंधळ असतो तो शब्दाचा. आणि तो गोंधळ आपल्या बोलण्यातूनच येतो, त्यामुळे मी कुणाला दोष देत नाही.

आपण मराठीत काय म्हणतो बघा. ‘पोराचं ग्रॅज्युएशन चालू आहे.’ ‘ती ग्रॅज्युएशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे.’ ‘ग्रॅज्युएशन करता करता नोकरी धरली.’ म्हणजे आपल्या लेखी ग्रॅज्युएशन हा तीन वर्षांचा कारभार. इंग्रजीत तो शब्द शेवटच्या टप्प्यासाठी आहे: अभ्यासक्रम पुरा होऊन पदवी मिळणं, किंवा त्याचा समारंभ. तिथे ग्रॅज्युएशन ‘चालू’ नसतं, ते ‘होतं’. मराठीतला वापर चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. लाखो लोक बोलतात तो अर्थ चुकीचा ठरवणारा मी कोण? पण बहुतेक ऑनलाइन अर्ज इंग्रजी अर्थाने तयार झालेले असतात. त्यात ‘ग्रॅज्युएशनचं वर्ष’ विचारलं की आमची मुलं प्रवेशाचं वर्ष टाकतात. २०२१ ला प्रवेश, २०२४ ला निकाल, अर्जात २०२१. पुढे कागदपत्र पडताळणीत गुणपत्रकावर २०२४ दिसतं आणि मग हमीपत्र, खुलासा, हेलपाटे.

जुन्या मराठीत याला फार सुटसुटीत बोलणं होतं. ‘तो बी.ए. झाला.’ माणूस बी.ए. करत नसे, बी.ए. *होत* असे, जसा मामलेदार होई किंवा आजोबा होई. ‘ती एम.ए. झालेली आहे’ हे अजून कानावर येतं. त्या ‘झाला’मध्ये निकाल गृहीतच होता, नापास झालेला माणूस बी.ए. ‘झाला’ म्हणवून घेऊ शकत नसे. (त्याच्यासाठी ‘बी.ए. नापास’ ही वेगळी आणि बऱ्यापैकी मानाची श्रेणी होती. बी.ए.पर्यंत पोचला तरी!) आता आपण ‘बी.ए. केलं’ म्हणतो आणि त्यात परीक्षा दिली, की पास झाला, की नुसता प्रवेश घेतला, याचा पत्ता लागत नाही. मुलाखत घेणारा म्हणूनच पुढचा प्रश्न विचारतो: ‘क्लिअर आहे ना?’

हा ‘क्लिअर’ महत्त्वाचा. तिसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटले, पण पहिल्या वर्षाचा एक पेपर एटीकेटीत अडकून राहिलेला आहे, असे विद्यार्थी दर निकालाला असतात. तिसऱ्या वर्षाचे गुण दिसतात, बेरीज दिसते, पण शेरा असतो निकाल राखून ठेवल्याचा. घरी पेढे वाटले गेले तरी असा विद्यार्थी पदवीधर नसतो. तो राहिलेला पेपर ज्या सत्रात सुटेल, त्या सत्राच्या निकालाची तारीख ही त्याची तारीख.

आता कागदच डोळ्यांसमोर धरू. शेवटच्या सत्राचं गुणपत्रक घ्या. वर परीक्षेचा महिना आणि वर्ष असतं, समजा एप्रिल २०२४. खाली, सहीच्या आसपास, बारीक अक्षरात निकाल जाहीर झाल्याची तारीख असते, समजा २८ जून २०२४. मग पदवी प्रमाणपत्र घ्या. त्यावरचा मजकूर साधारण असा: अमुक व्यक्ती एप्रिल २०२४ मध्ये घेतलेल्या परीक्षेत अमुक श्रेणीत उत्तीर्ण झाली असून तिला वाणिज्य शाखेची पदवी प्रदान करण्यात येत आहे. खाली समारंभाची तारीख, समजा फेब्रुवारी २०२५ मधली. म्हणजे एकाच पदवीला तीन तारखा: परीक्षेचा महिना, निकालाचा दिवस, प्रदानाचा दिवस. पहिली आणि तिसरी यांत दहा महिन्यांचं अंतर सहज पडतं. नोकरीची जाहिरात नेमकी त्या दहा महिन्यांत येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

व्यवहारात धरली जाते ती मधली तारीख. बँकांच्या भरतीत उत्तीर्ण झाल्याची तारीख म्हणून गुणपत्रकावरची किंवा तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावरची तारीख बघतात. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची गोष्ट जरा निराळी: अंतिम वर्षाला असलेल्या उमेदवाराला पूर्व परीक्षेला बसू देतात, पण मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या अंतिम दिनांकापर्यंत पदवी पदरात पडलेली लागते. अशा ठिकाणी अर्जात ‘ॲपिअर्ड’ किंवा ‘अंतिम वर्षास प्रविष्ट’ असा पर्याय असतो. तो असताना ‘ग्रॅज्युएट’वर टिचकी मारू नका. मारणारे असतात, आणि ‘निकाल लागेलच की’ हे त्यांचं समर्थन असतं.

डॉक्टरांच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. एम.बी.बी.एस.ला साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यावर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. शेवटची परीक्षा पास झालेली मुलगी घरच्यांसाठी डॉक्टर झालेली असते, वॉर्डात तर ती रात्रंदिवस राबत असते, पण पदवी आंतरवासिता पुरी झाल्यावरच. तिथे निकालाची तारीख पुरत नाही.

कोण पदवीधर नाही, हे सांगणं जास्त अवघड, कारण त्यात माणसं दुखावतात. कायद्याच्या दृष्टीने पदवी कोण देऊ शकतं हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम २२ ने ठरवून टाकलं आहे: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत (डीम्ड) दर्जाची संस्था, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बस्स. बाकी कुणी कितीही जाड कागदावर, कितीही सोनेरी अक्षरात छापून दिलं तरी ती पदवी होत नाही. मागे भारतीय व्यवस्थापन संस्थांचं, म्हणजे आयआयएमचं उदाहरण फार बोलकं होतं. देशातली सर्वांत अवघड प्रवेशपरीक्षा, सर्वांत मोठे पगार, पण त्या देत होत्या ती पदव्युत्तर *पदविका*, कारण पदवी देण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. २०१७ चा आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला, तेव्हा त्यांना एम.बी.ए. देता येऊ लागली. त्याआधीचे विद्यार्थी आमच्या भाषेत पदविकाधारकच.

सनदी लेखापालांचंही तसंच. सी.ए. ही पदवी नाही. ती एका व्यावसायिक संस्थेची परीक्षा आणि सदस्यत्व आहे. २०२१ मध्ये अनुदान आयोगाने ती पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानली, हे खरं. पण समकक्ष असणं वेगळं आणि पदवी असणं वेगळं, आणि बारावीनंतर थेट सी.ए. करून बी.कॉम. अर्धवट सोडलेल्या हुशार पोरांना हे समजावताना खिडकीपलीकडचा आवाज चढतो. अर्जात ‘समकक्ष अर्हता’ असा रकाना असेल तर तो भरा. ‘पदवी’च्या रकान्यात विद्यापीठाचं नाव काय टाकणार?

तंत्रनिकेतनातला डिप्लोमा म्हणजे दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका. तो केलेला पोरगा पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतो, बऱ्याचदा बारावीवाल्यांपेक्षा हाताने सरस असतो, पण डिप्लोमावर थांबला तर पदवीधर नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने याच शब्दाला आणखी एक अर्थ चिकटवून दिला आहे. २०२० च्या धोरणाप्रमाणे पदवी अभ्यासक्रमातून एका वर्षाने बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर किमान १२० श्रेयांक (क्रेडिट) झाले की पदवी, आणि चौथं वर्ष करून १६० झाले की ऑनर्स पदवी. म्हणजे आता ‘डिप्लोमा झालाय’ म्हणणारा तंत्रनिकेतनवाला आहे की बी.ए. दोन वर्षांवर सोडलेला, हे विचारावं लागणार. तीनवाला आणि चारवाला दोघेही पदवीधर, पण ऑनर्सवाल्याला पुढचं पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात उरकता येतं. शब्द एक, वजन दोन.

पदवीवर पदवी हाही एक गुंता. बी.एड. नावाने ‘बॅचलर’, पण आधी पदवी असल्याशिवाय सहसा प्रवेश नाही. तीन वर्षांची एल्एल्.बी. तशीच. अर्जात ‘सर्वोच्च शैक्षणिक अर्हता’ विचारली की बी.ए., बी.एड. झालेले शिक्षक ‘पदव्युत्तर’ निवडतात, कारण पदवीच्या *उत्तर* म्हणजे नंतरच तर शिकले! व्युत्पत्ती बरोबर, उत्तर चूक. पदव्युत्तर म्हणजे एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पातळीचं शिक्षण, किंवा ज्या पदविकेवर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे ती. आणि शब्द लिहिताना ‘पदव्युत्तर’, व्यु ऱ्हस्व. पदवी अधिक उत्तर. ‘पदवीत्तर’ आणि ‘पदव्यूत्तर’ दोन्ही मी छापील पाट्यांवर पाहिले आहेत, महाविद्यालयांच्या.

हा शब्द जिथे खरोखर तराजूत घातला जातो ती जागा म्हणजे निवडणूक. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे विधान परिषदेचे साधारण एक द्वादशांश सदस्य पदवीधरांनी निवडून द्यायचे. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ जागा, म्हणून पदवीधर मतदारसंघ सात. इथे नुसतं पदवीधर असून भागत नाही; भारतातल्या विद्यापीठाची पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत, आणि ती मोजायची कुठून? निकाल जाहीर झाल्याच्या दिवसापासून. समारंभापासून नाही. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर असतो. म्हणजे १ नोव्हेंबर २०२५ चा विचार केला, तर जून २०२२ मध्ये निकाल लागलेला मतदार होऊ शकतो. आणि ज्याचा एटीकेटीचा पेपर हिवाळी सत्रात सुटून निकाल डिसेंबर २०२२ मध्ये लागला, तो त्याच वर्गातला, त्याच बाकावरचा मित्र असला तरी नाही. शिवाय ही यादी दर निवडणुकीला नव्याने करतात. मागच्या वेळी नाव होतं म्हणून निवांत बसलेले पदवीधर मतदानाच्या दिवशी तणतणत परत जातात. नाव नोंदवण्याचा अर्ज, नमुना १८, पुन्हा भरावा लागतो.

विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात, तिथे तर ‘नोंदणीकृत पदवीधर’ ही वेगळीच जात आहे. पदवी आहे पण नोंदणी नाही, तर मत नाही.

आता उपप्रश्न. ग्रॅज्युएट हा मूळ लॅटिन शब्दावरून आला; ‘ग्रादुस’ म्हणजे पायरी. प्रयोगशाळेतल्या ग्रॅज्युएटेड सिलिंडरवर खुणा असतात, त्याही त्याच पायऱ्या. ‘पदवी’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ वाट, मार्ग. मग स्थान, दर्जा, मान. ‘रावबहादूर ही पदवी’ म्हणताना आपण मानच म्हणत असतो, आणि तिथे परीक्षा नसते. म्हणून मानद डी.लिट. मिळालेली व्यक्ती पदवीने भूषित असते, पण तेवढ्याने पदवीधर ठरत नाही. विद्यापीठाची पदवी हा अर्थ घट्ट झाला तो १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाल्यावर. १८६२ मध्ये तिथून बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार जण! त्यानंतर कित्येक दशकं लोक नावापुढे बी.ए. लावत ते उगीच नाही.

‘स्नातक’ मात्र गुरुकुलातून आला. विद्या पुरी झाली की शिष्याने विधिपूर्वक स्नान करायचं आणि घरी परतायचं. हा समावर्तनाचा संस्कार. मराठी घरात तो अजून सोडमुंजीच्या नावाने ओळखीचा आहे, फार तर लग्नाआधी घाईघाईत उरकलेला. गृह्यसूत्रांनी स्नातकांचे तीन प्रकार केले आहेत आणि ते मला फार आवडतात. विद्या पुरी केली पण व्रताची मुदत पुरी व्हायची आहे, तो विद्यास्नातक. मुदत भरली पण विद्या पुरी झाली नाही, तो व्रतस्नातक. दोन्ही पुरं केलं तो विद्याव्रतस्नातक. टर्म भरली आणि विषय राहिले, या अवस्थेला इतकं प्रतिष्ठित नाव असताना आपण ‘केटी लागली’ म्हणतो.

काही विद्यापीठांच्या मराठी प्रमाणपत्रांवर आजही ‘वाणिज्य स्नातक’, ‘विज्ञान निष्णात’ (म्हणजे एम.एस्सी.) असे शब्द दिसतात. निष्णात हाही ‘स्ना’ धातूचाच. स्नातक न्हालेला, निष्णात चांगला बुडी मारून आलेला. तेव्हा अर्थाने स्नातक आणि पदवीधर एकच. पण बोलताना मराठी माणूस ‘मी स्नातक आहे’ म्हणत नाही. म्हटलं तर लोक वळून बघतील. हिंदी पट्ट्यातून शिकून आलेल्यांच्या कागदांवर मात्र स्नातक, स्नातकोत्तर, परास्नातक हे शब्द सर्रास असतात. पहिला पदवी, पुढचे दोन्ही पदव्युत्तर. परास्नातक वाचून ‘ही पीएच.डी. का?’ असं विचारणारे अधिकारी भेटतात, म्हणून सांगून ठेवतो. पीएच.डी.ला आपल्याकडे विद्यावाचस्पती म्हणतात. आणि बॅचलर म्हणजे अविवाहित असा जो दुसरा अर्थ आहे, त्याची गंमत अशी की आपल्याकडचा स्नातक उलट त्याच दिवसापासून लग्नाला मोकळा होत असे.

परदेशी अर्ज भरणाऱ्यांसाठी एवढंच. अमेरिकेत शाळा संपवणाराही ग्रॅज्युएट होतो, ‘हायस्कूल ग्रॅज्युएट’. आणि तिथलं ग्रॅज्युएट स्कूल म्हणजे आपलं पदव्युत्तर शिक्षण. तिथे ‘ग्रॅज्युएट स्टुडंट’ असं लिहिलं की समोरचा तुम्हाला एम.एस. किंवा पीएच.डी. करणारा समजतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा नाही. ब्रिटनमध्ये त्यालाच पोस्टग्रॅज्युएट म्हणतात. ‘अंडरग्रॅज्युएट’ने तर आपल्याकडेच दोन अर्थ घेतले आहेत. नीट-यूजी मधला यूजी म्हणजे पदवीचा अभ्यासक्रम. आणि ‘अंडरग्रॅज्युएट उमेदवारही चालतील’ या जाहिरातीतला म्हणजे पदवी नसलेला, बहुधा बारावी पास. पहिला अर्थ खरा, दुसरा इथे रुळलेला. जाहिरातीत हा शब्द दिसला की सोबत ‘बारावी’ लिहिलंय का ते बघा. ‘२०२४ पासआउट’ हाही आपल्याकडचाच वापर. इतर देशांत ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं किंवा सैनिकी छात्रांनी संचलन करून बाहेर पडणं. परदेशी पत्रात तो लिहू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर: ‘ग्रॅज्युएट आहात का’ इथे ‘हो’. उत्तीर्ण झाल्याची तारीख विचारली तर गुणपत्रकावरची निकालाची, परीक्षेच्या महिन्याची नाही. ‘पदवी प्रमाणपत्र क्रमांक’ सक्तीचा रकाना असेल तर तिथे गुणपत्रकाचा क्रमांक दडपून देऊ नका. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र काढून घ्या. त्यासाठी सगळ्या सत्रांची गुणपत्रकं एकत्र लागतात, आणि पहिल्या वर्षाचं गुणपत्रक नेमकं महाविद्यालयातच पडून असतं, तेव्हा आधी ते सोडवून आणा. नावाचं स्पेलिंग तिथेच ताडून बघा. पदवी प्रमाणपत्र एकदा छापून आलं की एका अक्षरासाठी राजपत्र आणि प्रतिज्ञापत्राच्या रांगेत उभं राहावं लागतं. छापण्याआधी तेच काम साध्या अर्जावर होतं.